तुटलेली पट्टी

माझे अब्बा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आरागिरणीत मशीनवर होते. महिना कसा जाईल, हे आमच्या घरात आऱ्याच्या पट्टीवर ठरायचं. पट्टी तुटली की तिचे पैसे मजुरीतून कापले जात. "तुझा हात जड आहे," असं मालक म्हणत. १९८०च्या सुमारास एका महिन्यात पट्टी चारदा तुटली. त्या ईदला आम्हा भावंडांचे कपडे झाले नाहीत.

पुढे बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. पण तुटलेली पट्टी मनातून गेली नाही. या यंत्राचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा कळलं की सुरुवातीचा हा सगळा इतिहास तुटण्याचाच आहे.

पूर्वी ओंडका तिरपा टेकवून एक कराती वर आणि एक खाली उभा राहून करवत ओढत. करवत वर-खाली जाते, त्यात निम्मी फेरी वाया. दोन चाकांवरून फिरणारी दातेरी पट्टी मात्र सतत कापत राहते. ही कल्पना इंग्लंडच्या विल्यम न्यूबेरी यांना एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सुचली आणि त्यांनी पेटंटही घेतलं. पण यंत्र चालेना. पट्टी टिकतच नव्हती.

कारण साधं आहे. तार हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवली की ती तुटते. वीस फुटांची पट्टी मिनिटाला चार हजार फूट वेगानं फिरते असं धरा. मिनिटाला दोनशे फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत ती दोन चाकांवर दोनदा वाकते आणि दोनदा सरळ होते. म्हणजे तासाला चोवीस हजार वेळा वाकणं. लोखंडही थकतं. जर्मन अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवलं, तेही त्या शतकाच्या उत्तरार्धात. शिवाय पट्टीची दोन टोकं जोडायची म्हणजे सांधा आलाच, आणि तोच सगळ्यांत कच्चा.

जवळजवळ चाळीस वर्षं हे कोडं तसंच राहिलं. ते सोडवलं एका बाईनं. फ्रान्सच्या आन पोलीन क्रेपँ यांनी सांधा जोडण्याची नवी रीत काढली आणि १८४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते हक्क पॅरिसच्या पेरँ या कारखानदारानं विकत घेतले, चांगलं पोलाद आणि पाणी देण्याची सुधारलेली पद्धत यांची जोड दिली, आणि टिकाऊ पट्टी जन्माला आली. शतक संपेपर्यंत मोठमोठ्या गिरण्यांत ती गोल करवतीची जागा घेऊ लागली होती. पट्टी पातळ, त्यामुळे भुश्यात जाणारं लाकूड कमी.

आता पुन्हा आमच्या गिरणीत येऊ. एक म्हातारे मिस्त्री मशीन दुरुस्तीला आले होते. त्यांनी अब्बांना विचारलं, "भाई, तुटलेले तुकडे ठेवलेत का?" अब्बांनी ते कोपऱ्यात जपून ठेवले होते. मिस्त्रींनी चारही पट्ट्या जमिनीवर मांडल्या. चारही एकाच ठिकाणी तुटल्या होत्या, सांध्यापासून बोटभर अंतरावर.

मिस्त्री म्हणाले, दातांच्या खाचांत जागोजागी चिरा असत्या, तर दात बोथट झालेत, ताण जास्त आहे किंवा चाकाच्या मानानं पट्टी जाड आहे, असं समजलो असतो. चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा पट्टी जाड नसावी, हा त्यांचा ठोकताळा. पट्टीची पाठ घासलेली असती, तर गाइड तपासला असता. लाकूड दामटून लोटलं तरीही पट्टी तुटते. पण मग ती दरवेळी सांध्याजवळच कशी तुटेल?

दोष सांध्यात होता. झाळ लावणारा पोरगा घाईत तापल्या सांध्यावर पाणी ओतायचा. त्यानं पोलाद ठिसूळ होई. मिस्त्रींनी सांधा पुन्हा मंद लाल तापवून हळूहळू निवू दिला, घासून पट्टीच्या जाडीला आणला आणि संध्याकाळी काम संपलं की ताण सैल करायला सांगितलं. त्यानंतर पट्ट्या बोथट होऊन उतरू लागल्या, तुटून नव्हे.

कापलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. अब्बांनी मागितलेही नाहीत. घरी येऊन अम्मीला एवढंच म्हणाले, "हात जड नव्हता."

आज अब्बा नाहीत. कुठे काही मोडलं आणि समोरच्या माणसाकडे बोट दाखवणं सुरू झालं, की मला जमिनीवर मांडलेल्या त्या चार पट्ट्या दिसतात. मी आधी तुकडे मागतो.