पडदा ते पडदा : देखावा रचणाऱ्यांची परंपरा

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नट-नाटककारांच्या नावांनी सांगतो. नटाच्या पाठीमागचा राजवाडा किंवा अरण्य ज्यांनी रंगवले, त्यांची नावे विचारली तर मात्र आपण अडखळतो. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हा पाठीमागे एक साधा पडदा पुरत असे. वन कोणते आणि राजसभा कोणती, हे पदांतून कळायचे. पुढे संगीत नाटकांबरोबर चित्रित पडद्यांचे युग आले आणि सपाट कापडावर खोली भासवणारे कारागीर तयार झाले.

माझे पोट एपीएमसीच्या मसाला मार्केटमधील एका गाळ्यावर हिशेब लिहून चालते. इतिहास ही हौस. गेल्या काही वर्षांत तिला दुसरी हौस जोडली गेली : संगणकावर त्रिमित देखावे रचणे आणि त्यांचे रेंडरिंग करणे. हे शिकताना कोल्हापूरचे बाबूराव पेंटर वारंवार समोर येत राहिले. त्याचे कारण मांडण्यासाठी हा लेख.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० चा. कलाशाळेचे शिक्षण नाही. जे शिकले ते घरच्या कारागिरीतून आणि स्वतःच्या खटपटीतून. चुलत बंधू आनंदराव यांच्याबरोबर १९१० ते १९१६ या काळात त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले आणि मोठे नाव मिळवले. पडद्यावर सावली एकदाच रंगवली जाते आणि मग ती हलत नाही. समोरच्या नटावर उजेड कुठूनही येवो, मागच्या खांबाची सावली तिथेच. दोघे बंधू सिनेमाकडे वळले, पण १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने प्रोजेक्टरच्या भागांतून कॅमेरा जुळवला. 'सैरंध्री' (१९२०) करताना त्यांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव, त्रिमित नेपथ्य उभे केले. 'सिंहगड'मध्ये (१९२३) कृत्रिम प्रकाश वापरला. आधी वस्तू, मग प्रकाश, मग कॅमेरा हा क्रम त्यांच्या कामात स्पष्ट दिसतो.

संगणकावर देखावा रचणाराही याच क्रमाने जातो. खांब, भिंत, गोणी यांचे आकार आधी घडवायचे, त्यांना पोत द्यायचा, प्रकाश मांडायचा, कॅमेरा ठेवायचा आणि मग त्या कॅमेऱ्यातून काय दिसेल ते यंत्राला काढायला लावायचे. हे काढणे म्हणजे रेंडरिंग. १९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी प्रकाशाचा माग उलटा घेण्याची रीत प्रसिद्ध केली : डोळ्यापासून निघायचे, वस्तूवर आदळायचे आणि दिव्यापर्यंत पोचायचे. आरसा, काच, सावली हे तिने साधले. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी एका समीकरणात त्याहून मोठी गोष्ट बसवली. प्रत्येक पृष्ठभाग मिळालेला उजेड इतर पृष्ठभागांना वाटत असतो, आणि चित्र खरे वाटायचे तर हे सगळे वाटप मोजावे लागते.

कांदा-बटाटा मार्केटमध्ये सकाळी उभे राहिले की हे समीकरण डोळ्यांना दिसते. ऊन गाळ्यात थेट शिरत नाही. ते रस्त्यावर पडते, तिथून उसळून आत येते. लाल जाळीच्या गोण्यांची थप्पी लागलेली असली की शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर लालसर झाक चढते. नवशिक्याचे चित्र खोटे दिसते ते बहुधा ही झाक नसल्यामुळे.

हे सारे माझ्यासारख्याच्या हाती आले ते 'ब्लेंडर' या मोफत प्रणालीमुळे. हॉलंडच्या टोन रोझेनडाल यांनी ती घडवली. त्यांची कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये लोकवर्गणीतून सात आठवड्यांत एक लाख युरो उभे राहिले आणि ऑक्टोबरमध्ये तिचा कोड सर्वांना खुला झाला. नाहीतर हिशेबनिसाच्या पगारात हे साधन बसले नसते.

आता मूळ मुद्दा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून इथे आलेल्या कांदा-बटाटा बाजाराच्या इमारती बरीच वर्षे धोकादायक म्हणून गणल्या जात आहेत. पुनर्विकासाची बोलणी होत राहतात. अशा प्रत्येक ठिकाणी आधी येतो तो रेंडर केलेला देखावा : संध्याकाळचा सोनेरी उजेड, काचेची दर्शनी बाजू, धूळ नसलेला रस्ता. त्यात माथाडी नसतो, हातगाडी नसते, मागे येणारा ट्रक नसतो. जे चित्रातून वगळले जाते त्याला पुढे नकाशातही जागा मिळणे अवघड जाते. देखाव्याची मांडणी ही निव्वळ सजावट नव्हे, याचा याहून रोखठोक पुरावा मला ठाऊक नाही.

म्हणून मी उलट दिशेने निघालो आहे. आहे तो बाजार संगणकावर उतरवतो आहे. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो, आकाशातून नाही. ओट्याशेजारी पाठीवर गोणी घेतलेला माथाडी उभा करतो, कारण ओटा किती उंच आणि का, हे त्याच्या खांद्यावरूनच कळते. मात्र या साधनात इतिहासाच्या अभ्यासकाला एक धोका आहे. रेंडर केलेल्या चित्रात मोजलेली भिंत आणि कल्पनेतली भिंत सारख्याच खऱ्या दिसतात. लेखात आपण 'बहुधा' लिहू शकतो. चित्रात तो शब्द नाही. त्यावर मी एक नियम पाळतो : ज्या भागाला मापाचा, छायाचित्राचा किंवा कुणाच्या साक्षीचा आधार नाही, तो रंग-पोत न देता राखाडी ठेवायचा. चित्र त्याने कमी देखणे होते, पण पाहणाऱ्याला कुठे थांबायचे ते कळते.

बाबूरावांची 'सैरंध्री' आज पाहायला मिळत नाही. ते भरीव खांब कसे होते, त्यांवर उजेड कसा पडे, हे सांगणारी माणसेही उरली नाहीत. बाजाराबाबत तसे झालेले नाही. पहिल्या वर्षांत इथे गोणी उचललेले काहीजण अजून आहेत. माझ्या प्रतिमानात सर्वाधिक राखाडी आहे तो त्याच वर्षांचा भाग : काटे कुठे असत, लिलाव कुठल्या ओट्यावर होई, बायका कांदा निवडायला कुठे बसत. संगणक सुधारत जाईल आणि थांबूही शकेल. ही माणसे सत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे या हिवाळ्यात आधी त्यांच्याकडे जायचे ठरवले आहे.