माजी विद्यार्थ्यांची मंडळे कशावर जगतात? १८४८ ची मुंबई आणि १८९३ चे ठाणे

डोंबिवलीतील एका माजी विद्यार्थी मंडळाच्या वार्षिक सभेला परवा गेलो होतो. खुर्च्या चाळीस मांडलेल्या, माणसे नऊ. चिटणीसांनी हिशेब वाचला, दोघांनी गाडी चुकल्याचे सांगून उशिराबद्दल क्षमा मागितली आणि विषयपत्रिकेवरील शेवटचा विषय निघाला : मंडळ चालू ठेवावे की विसर्जित करावे? याच प्रश्नाला आपल्याकडे पूर्वी कुणी कसे तोंड दिले, हे पाहण्यासाठी हा धागा.

आरंभ विद्यापीठाच्याही आधीचा आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८ जुलै १८५७ रोजी. त्यापूर्वी नऊ वर्षे, जून १८४८ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. पहिले अध्यक्ष प्राध्यापक जोसेफ पॅटन. लवकरच तिला मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा फुटल्या. मराठी शाखेचे नेतृत्व व्याकरणकार दादोबा पांडुरंगांकडे होते, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले.

निबंध वाचावा, टाळ्या घ्याव्या, घरी जावे. एवढ्यावरच ही मंडळी थांबली असती, तर आज त्यांचे नाव कुणी घेतले नसते. पण स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला आणि सभासदांना स्वतःचीच लाज वाटू लागली. ऑक्टोबर १८४९ मध्ये त्यांनी मुलींचे वर्ग उघडले. आरंभी मुली होत्या ६८ : ४४ पारशी, २४ हिंदू. वर्गांसाठी कुणी घराची पडवी दिली, कुणी खोली. शिकवणारे सभासदच होते, तेही विनावेतन, सकाळच्या वेळी, आपापल्या नोकरीला जाण्याआधी. त्यांत तेविशी-चोविशीतले दादाभाई नौरोजी होते. मुली मिळवण्यासाठी घरोघर जाताना काही बापांनी पायऱ्यांवरून ढकलून देण्याची भाषा केली, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे.

हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. सभासदांपाशी पैसा नव्हता आणि वेळही बेताचाच होता. होता तो सकाळचा एक ठरलेला तुकडा. त्या तुकड्यात मावेल एवढेच काम त्यांनी उचलले, आणि ते रोज केले. काम डोळ्यांना दिसू लागल्यावर पैसाही आला. पारशी शाळांमागे कामा कुटुंब उभे राहिले, मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेटांनी हात दिला.

मग ओघानेच ते आले, जे प्रत्येक मंडळाच्या नशिबी येते. पहिली फळी पांगली. दादाभाई १८५५ मध्ये इंग्लंडला गेले. कुणी सरकारी नोकरीत परगावी गेले, कुणी व्यापारात गुंतले. संस्था सावरली ती एका माजी विद्यार्थ्याने : डॉ. भाऊ दाजी लाड. ते एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीचे वैद्य, आणि या सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ १८६७ मध्ये बंद पडले. मुलींची शाळा मात्र टिकली. विसाव्या शतकातही गिरगावात ती याच सोसायटीच्या नावाने चालत होती. संस्था एकच, पण मासिकाला लेखक हवे होते आणि शाळेत रोज मुली येऊन बसत होत्या. दारात मुलगी उभी असताना सभा तहकूब करता येत नाही.

आता आपल्या बाजूला येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्याला आली, पुढल्या वर्षी कल्याणला. या रुळांनी एक नवीनच प्राणी घडवला : शिकायला मुंबईत आणि राहायला ठाण्या-कल्याणात असलेला पदवीधर. ठाण्याच्या खाडीकाठी विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये उभी राहिली ती १९६९ मध्ये. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. तोवर कैक पिढ्यांचे कॉलेज एका गावी आणि घर दुसऱ्या. कल्याणपासून बोरीबंदर सुमारे ५४ किलोमीटर. कॉलेजच्या मेळाव्याला जायचे म्हणजे सुटीच्या दिवशीही लोकल. म्हणून गावातल्या गावात जमणारे मंडळ ही इथे चैन नव्हे, सोय होती.

ठाण्यात ती सोय तरुणांनी वेगळ्याच वाटेने करून घेतली. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे व विष्णु भास्कर पटवर्धन यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. भावे तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढे ते विज्ञानाचे पदवीधर झाले, व्यवसाय मात्र मिठागरांचा. सार्वजनिक वाचनालये तेव्हा नवलाईची नव्हती. कल्याणचे १८६४ पासून होते. पण या तरुणांनी स्वतःला एक नेमके काम लावून घेतले : मराठीत छापलेले पुस्तक मिळेल तेथून आणायचे आणि जपायचे. केवळ मराठी ग्रंथांसाठी काढलेले असे हे पहिले संग्रहालय. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला तो त्यानंतरच्या वर्षांत. भावे १९२६ मध्ये गेले. संग्रहालय चालूच आहे.

आजची स्थिती उलटी आहे. ‘नॅक’च्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असल्याने कागदावर मंडळे भरपूर आहेत, आणि व्हॉट्सॲपवर तर त्याहून अधिक. काम मात्र सापडत नाही, असे सगळे म्हणतात. एक तर अगदी समोर पडले आहे. १९०४ च्या कायद्याने नोंदणीकृत पदवीधरांना सिनेटवर दहा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. मुंबई विद्यापीठात त्या जागा आजही दहाच आहेत. ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या या विद्यापीठाच्या २०२४ च्या निवडणुकीत नोंदलेले मतदार होते सुमारे १३ हजार. पदवीधर किती लाख असतील, याचा अंदाज डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठला उभे राहून करावा.

सभेत हे सगळे मी सांगितले नाही. एवढा वेळ कुणाला होता? एवढेच विचारले, की शनिवारी संध्याकाळचे दोन तास कोण देऊ शकेल? चार हात वर झाले. एका सभासदाच्या रिकाम्या गाळ्यात, घरी जागा नसलेल्या मुलांसाठी अभ्यासिका सुरू करायची आणि तिथेच पदवीधर नोंदणीचे अर्ज भरून द्यायचे, असे ठरले. विसर्जनाचा विषय सहा महिने पुढे ढकलला आहे. किल्ली सध्या माझ्याकडे आहे.