लघुउद्योगाची नाममुद्रा व बोधचिन्ह : खान्देशच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : नाममुद्रा, बोधचिन्ह, व्यापारचिन्ह, भौगोलिक मानांकन, अमळनेर.

प्रस्तावना :
वरणगाव (ता. भुसावळ, जि. जळगाव) हे गाव १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आयुध निर्माणीमुळे राज्याबाहेरही परिचित आहे. तथापि, खान्देशातील अशा गावांचा अर्थव्यवहार शेतमाल आणि त्यावर प्रक्रिया करणारे लहान व्यवसाय यांवरही आधारलेला असतो. असा व्यवसाय सुरू करणाऱ्यास मालाचे किंवा गावाचेच नाव प्रथम सुचते. ते नाव त्याच्या मालकीचे होऊ शकते काय, हा प्रश्न मात्र बहुधा पाट्या व पिशव्या छापून झाल्यावर उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
बहुसंख्य ग्राहक निरक्षर असताना मालाची ओळख चित्रावरून पटत असे. मुंबईच्या बाजारात कापडाच्या ठाणांवर रंगीत चित्रे चिकटवलेली असत. ‘अमुक छाप’ हा शब्दप्रयोग याच व्यवहाराचा साक्षीदार आहे. खोट्या खुणांना आळा घालणारा कायदा १८८९ मध्ये झाला, तर चिन्हाच्या नोंदणीची तरतूद १९४० च्या कायद्याने केली.

अमळनेरचे उदाहरण :
२९ डिसेंबर १९४५ रोजी एम. एच. हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना भुईमुगाच्या प्रदेशात, अमळनेर येथे उभा राहिला. तेथील वनस्पती तुपास ‘सनफ्लॉवर’, तर तेलाच्या जोडउत्पादनापासून बनणाऱ्या धुण्याच्या साबणास ‘७८७’ हे नाव मिळाले. येथे एक बाब लक्षणीय आहे. सूर्यफूल हे तेलबियांचे पीक म्हणून भारतात १९६९ च्या सुमारास आले. म्हणजे ‘सनफ्लॉवर’ हे कच्च्या मालाचे वर्णन नव्हते. ती ग्राहकाच्या मनावर ठसणारी प्रतिमा होती. ‘७८७’ या अंकातही साबणाचे वर्णन नाही. मुंबईत १९३१ पासून शाईचा व्यवसाय करणाऱ्या दांडेकर बंधूंनी प्रथम घोडा व पुढे उंट स्वीकारला, त्यांचाही शाईशी संबंध नव्हता. उंट आणि शाई यांच्या इंग्रजी नावांच्या जोडणीतून ‘कॅम्लिन’ हे नाव तयार झाले.

अमळनेरच्या कंपनीच्या दीर्घ नावातील आद्याक्षरांपासून ‘विप्रो’ हे नाव घडले. व्यवसाय संगणकाकडे वळल्यावर १९९८ मध्ये शोंबित सेनगुप्ता यांनी रचलेले इंद्रधनुषी रंगांचे फूल तिचे बोधचिन्ह झाले. २०१७ मध्ये ते बदलले. नाव तुपापुरते किंवा साबणापुरते मर्यादित असते, तर नव्या व्यवसायात ते अडचणीचे ठरले असते.

कायद्याची भूमिका :
१९९९ चा व्यापारचिन्ह कायदा २००३ पासून अमलात आला. मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान एवढेच सांगणारे शब्द, दीर्घ वापराने वेगळी ओळख मिळाल्याखेरीज, नोंदवता येत नाहीत. ‘शुद्ध शेंगदाणा तेल’ हे शब्द सर्वच विक्रेत्यांचे आहेत. प्रदेशाच्या नावासाठी भौगोलिक मानांकनाचा स्वतंत्र मार्ग आहे. जळगावच्या केळीस व भरताच्या वांग्यास २०१६ मध्ये असे मानांकन मिळाले. ते कोणा एका व्यापाऱ्याचे नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचे सामाईक धन आहे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, बोधचिन्हाची रचना ही प्रथम नावाची निवड आहे आणि रेखाटन त्यानंतर येते. वर्णनपर नाव ग्राहकास लगेच कळते, परंतु शेजारचा दुकानदारही ते वापरू शकतो. मालाशी थेट संबंध नसलेले नाव रुजण्यास वेळ लागतो, पण ते स्वतःचे राहते. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती व लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये, म्हणजे इतरांच्या निम्मे शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. वरणगावच्या लहान उद्योजकाने छपाईपूर्वी नावाची शोधणी व नोंदणी केल्यास त्याने कष्टाने मिळवलेला विश्वास दुसऱ्याच्या पिशवीवर जाणार नाही. वाणिज्य शाखेच्या अध्यापनात या स्थानिक इतिहासाचा समावेश होणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.