व्हिक्टोरियन कोपऱ्यावरचे दुकान

ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत दोन रस्ते मिळतात तिथे उभारलेली, तळमजल्यावर दुकान आणि माडीवर दुकानदाराचे बिऱ्हाड असलेली विटांची इमारत. हा प्रकार प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर नगरपालिकांनी रस्त्यांची रुंदी आणि घरांमागील मोकळी जागा यांचे नियम केले, आणि मँचेस्टर, सॅलफर्ड, लीड्स यांसारख्या शहरांत कामगारांच्या एकसारख्या घरांच्या लांबच लांब ओळी उभ्या राहिल्या. ओळीच्या टोकाचा भूखंड बांधणारे बहुधा दुकानासाठी किंवा मद्यगृहासाठी ठेवत, कारण तिथे दोन्ही रस्त्यांची गिऱ्हाईके येत.

या इमारतीचा प्राण तिचा छाटलेला कोपरा होय. तळमजल्याचा काटकोन तिरपा कापून त्यात दार बसवले जाई, म्हणजे ते दोन्ही रस्त्यांवरून दिसे. वरच्या मजल्याचा कोपरा पुष्कळदा तसाच पुढे राही. मग त्याचा भार दारापुढच्या बिडाच्या खांबावर येई. काचेवरचा कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये रद्द झाला. मोठ्या काचाही स्वस्त होत गेल्या, तेव्हा लहान तावदानांच्या जागी दोन्ही बाजूंना रुंद दर्शनी खिडक्या आल्या. वरची भिंत पेलायला दुकानाच्या माथ्यावर जाडजूड तुळई घालावी लागे. नावाची पाटी तिलाच झाकते. पाटीच्या दोन टोकांना कोरीव तोडे, त्यांखाली चपटे भित्तिस्तंभ आणि काचेखाली लाकडाचा, विटांचा किंवा चकचकीत फरशांचा बुटका कट्टा, अशी दर्शनी भागाची रचना असे. बाकीची इमारत शेजारच्या घरांइतकीच साधी असताना बांधणाऱ्याने हौस केली ती याच पट्ट्यात.

सॅलफर्डच्या कामगारवस्तीतल्या अशाच दुकानात वाढलेले रॉबर्ट रॉबर्ट्स यांनी ‘द क्लासिक स्लम’ (१९७१) या ग्रंथात तिथल्या उधारीचे आणि वस्तीतल्या पतप्रतिष्ठेचे बारकाईने वर्णन केले आहे. मार्गारेट थॅचर यांचा जन्मही १९२५ मध्ये ग्रँथम गावी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या माडीवर झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या, त्यांत ही दुकानेही गेली. १९६४ च्या कायद्याने उत्पादकांनी ठरवलेल्या किमतींचे बंधन बहुतेक मालावरून उठले आणि सुपरमार्केटशी टक्कर देणे कठीण झाले. उरलेल्या अनेक दुकानांना पुढे दक्षिण आशियाई कुटुंबांनी तारले. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले गुजराती त्यांत होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत घरच्यांनी आळीपाळीने दुकान चालवण्याची जुनी रीत त्यांच्यामुळे टिकली.

वारसा म्हणून या इमारतींकडे लक्ष उशिरा गेले. यॉर्कच्या कॅसल संग्रहालयाने १९३८ मध्ये जुनी दुकाने मांडून व्हिक्टोरियन रस्ता उभारला, पण जागेवरच्या इमारतींना तशी माया क्वचितच मिळाली. एकेकट्या दुकानाला वारसा-यादीत स्थान मिळणे विरळा. आधार असतो तो १९६७ च्या कायद्याने आलेल्या संरक्षित परिसरांचा. आज अनेक दुकानांची घरे होत आहेत. त्यात सर्वाधिक हानी होते ती कोपऱ्याचे दार विटांनी बुजवल्याने. पाटी, तोडे आणि तिरपे दार राखूनही आत उत्तम घर करता येते. खिडकीच्या आत पडदा किंवा झडप लावली की खाजगीपणा मिळतो. त्यासाठी काच काढून भिंत उभारण्याची गरज नसते.