जोडी कामाला चालते, मग संसाराला का नाही?

ऊसतोडीचा मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. पूर्ण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. परभणी-बीडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. काम उरकायचं असतं तेव्हा मालकाला जोडीच लागते. पण तीच जोडी कामाच्या ठिकाणी कायमचं घर करतो म्हणाली की सगळ्यांचा सूर बदलतो.

आता आपल्या जिल्ह्यातली पोरं-पोरी आखातात, इंग्लंडात जातात. लग्नाच्या बैठकीत ‘बायकोला तिकडं न्यायला किती लागतील?’ हा प्रश्न हळू आवाजात का होईना, निघतोच. बऱ्याच जणांना वाटतं की हे हल्लीचं खूळ आहे. तसं नाही. याला सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि त्यात आपले गोपाळ कृष्ण गोखलेही आहेत.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये 1860 पासून उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर नेले जात. त्या भरतीत दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवाव्यात असा नियम होता. म्हणजे बायका चोरून गेल्या नव्हत्या, सरकारी नियमाने नेल्या होत्या. पाच वर्षांचा करार संपला की ही माणसं भाजीपाला पिकवू लागली, छोटा व्यापार करू लागली, तिथंच संसार मांडू लागली. गोऱ्या वसाहतवाल्यांना तेच खुपलं.

मग 1895 चा कायदा आला. पुन्हा करार कर, नाहीतर मायदेशी परत जा, आणि दोन्ही नको असेल तर दरवर्षी डोई तीन पौंड भर. नाताळवाल्यांना तर 25 पौंड हवे होते, व्हाइसरॉय एल्गिनने तीनला मान्यता दिली. पुढे हा कर बायकांवर, 16 वर्षांवरच्या मुलांवर आणि 13 वर्षांवरच्या मुलींवरही वसूल झाला. गांधीजींनी आत्मकथेत याचा हिशोब दिला आहे. नवरा, बायको, दोन मुलं असं घर असेल तर वर्षाचे 12 पौंड. आणि नवऱ्याची कमाई महिन्याला सरासरी 14 शिलिंगांहून जास्त नाही. पौंडाचे 20 शिलिंग धरा. वर्षाची कमाई 168 शिलिंग, कर 240 शिलिंग. एकत्र राहण्याचा कर कमाईपेक्षा जास्त!

गोखल्यांनी 1910 मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात ठराव मांडून नाताळची गिरमिट भरती थांबवायला लावली. 1912 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले, बोथा आणि स्मट्स यांना भेटले. कर रद्द होणार अशी त्यांची समजूत झाली. पुढच्या वर्षी सरकार म्हणालं, आम्ही असा शब्द दिलाच नव्हता.

त्यातच 14 मार्च 1913 ला केपच्या न्यायमूर्ती सर्ल यांचा निकाल आला. ख्रिस्ती पद्धतीने न झालेलं आणि नोंदणी नसलेलं लग्न कायद्याने लग्नच नाही. एका फटक्यात हिंदू, मुस्लिम, पारशी बायका कागदावर बायका राहिल्या नाहीत. तेव्हा कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा भोगून आल्या. न्यूकॅसलचे खाणकामगार संपावर गेले. 2,037 पुरुष, 127 बायका आणि 57 मुलं ट्रान्सवालची हद्द ओलांडायला निघाली. 1914 च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला आणि एकपत्नी लग्नाला मान्यता मिळाली.

आता आजचं बघा. सौदी अरेबियाने जुलै 2017 पासून परदेशी कामगाराच्या घरच्यांवर डोई शुल्क लावलं. महिना 100 रियालपासून सुरुवात झाली, 2020 मध्ये ते 400 झालं. बायको आणि दोन लेकरं सोबत ठेवायची तर महिन्याला 1,200, वर्षाला 14,400 रियाल. मला यात नाताळचाच कर दिसतो.

इंग्लंडात 2012 ला नियम झाला की परदेशी जोडीदाराला आणायचं तर तिथं राहणाऱ्याची वर्षाची कमाई 18,600 पौंड हवी. 11 एप्रिल 2024 पासून ती अट 29,000 पौंड झाली. 2025 च्या दराने बाहेरून अर्ज करायचा तर फी 1,938 पौंड आणि आरोग्य अधिभार 3,105 पौंड. दोन्ही मिळून साडेपाच-सहा लाख रुपये, तेही अडीच-पावणेतीन वर्षांच्या व्हिसासाठी. पुढची मुदत घ्यायची तर पुन्हा पैसे. बाहेरून येणाऱ्या जोडीदाराचा मायदेशातला पगारही त्या कमाईत धरत नाहीत. आणि म्हाताऱ्यांची सेवा करायला जे केअर वर्कर बोलावले, त्यांच्यावर 11 मार्च 2024 ला नव्याने जाताना नवरा-बायको, लेकरं सोबत नेण्याची बंदी घातली गेली. हात हवेत, घर नको.

बाई-माणूस भेद तर सगळीकडंच. आपण निजामाच्या राज्यात होतो तेव्हा 1919 च्या मुलकी नियमांत मुलकी माणसाची बायको आपोआप मुलकी ठरायची. मुलकी बाईच्या नवऱ्याला तसा हक्क नव्हता. तो नियम सरकारी नोकरीपुरता होता, पण विचार तोच. ब्रिटननेही बायकांना त्यांचे नवरे आणायला जास्त अडवलं. तीन बायका स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि 28 मे 1985 ला जिंकल्या. त्यावर ब्रिटनने काय करावं? नवऱ्यांच्या अटी सैल करण्याऐवजी बायकांनाही त्याच अटी लावल्या.

दुसरी बाजूही आहे. कुणाला येऊ द्यायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, खोटी लग्नं लावणारे दलालही आहेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये कमाईची अट तत्त्वतः मान्य केली, फक्त मुलांच्या हिताचा नीट विचार नियमात नाही म्हणून ठपका ठेवला. मलाही तपासणी मान्य आहे. लग्न खरं आहे का बघा, राहायला घर आहे का बघा, अर्ज तपासायला जेवढा खर्च येतो तेवढी फी घ्या. पण लग्न खरं असूनही पगार कमी म्हणून नवरा-बायकोला वेगळं ठेवणं ही तपासणी नाही. तिथं मोठ्या पगाराच्या माणसाला संसार मिळतो आणि नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या पोरीला व्हिडिओ कॉल.

गोखल्यांनी तीन पौंडांचा प्रश्न आपला मानला, तेव्हा ती माणसं बहुतेक मद्रास-बिहारकडची होती. आज आपल्याच गावची आहेत. आपले खासदार, आपलं परराष्ट्र खातं कामगार करार करायला बसतात तेव्हा किती माणसं घेणार हे विचारतात. त्यांच्या लेकराबाळांचं काय, हेही तिथंच विचारायला हवं. तुमच्या घरात कुणाला हा खर्च, ही ताटातूट सोसावी लागली असेल तर खाली जरूर लिहा.