गावचे सेवा मंडळ आणि आपण स्त्रिया

वऱ्हाडात दिवेलागणीच्या सुमारास एखाद्या खेड्यावरून जाताना देवळाच्या ओसरीवरून खंजिरीचा ठेका ऐकू आला, की समजावे, येथे श्रीगुरुदेव सेवा मंडळ आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही या मंडळाच्या शाखा गावोगाव आहेत. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपलेच कौतुक आपण करण्यापेक्षा, जिच्या ओसरीवर आपल्या आया-आज्या घराबाहेर बसावयास शिकल्या त्या संस्थेची हकीकत सांगावी, असे मला वाटले.

मंडळाचे प्रवर्तक राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. त्यांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. १९३५ साली त्यांनी मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापला. १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास भोगला आणि १९५५ साली ग्रामगीता दिली. तिच्या ४१ अध्यायांत देवदर्शन आहे तसाच गोवंश-सुधारही आहे, आणि गावच्या आरोग्यालाही तेवढाच मान आहे. सरकारची सामुदायिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली व जीपगाडीतून साहेब खेड्यात येऊ लागले. मंडळापाशी गाडी नव्हती. खराटा होता.

पहाटे ध्यान, मग ग्रामसफाई, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, असा मंडळाचा नेम. प्रार्थनेत मूर्तीऐवजी अधिष्ठान असते, त्यामुळे कोणत्या देवाचा मान मोठा हा वादच उरत नाही. बसावयाचे ते सर्वांनी एका सतरंजीवर. ज्या काळी पाणवठे निराळे होते त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. महाराजांचा जन्मदिवस ३० एप्रिल हा ग्रामजयंती म्हणून पाळतात, म्हणजे वाढदिवस साजरा करावयाचा तो गावाचा. महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी देह ठेवला. पुण्यतिथीस त्याच मिनिटाला मोझरीस लोटलेला जनसमुदाय मौन धरून उभा राहतो.

आता थोडे आपल्या बाजूचे बोलते. ग्रामगीतेत ‘महिलोन्नती’ हा स्वतंत्र अध्याय आहे. परंतु प्रार्थनेची वेळ दिवेलागणीची, आणि तीच वेळ चुलीची! कार्तिकापासून पुढे कापसाची वेचणी लागली म्हणजे बाई पहाटे भाकरी बांधून निघते व अंधार पडता पडता परतते. मग तिकडे ओसरीवर पुरुषमंडळी महिलोन्नतीच्या ओव्या वाचीत आहेत आणि इकडे तिची उन्नती तव्यापाशी बसली आहे, असे चित्र दिसावयाचे. सडासंमार्जन ती रोजच करी, पण त्याला ग्रामसफाई कोणी म्हटले नाही. हा दोष मंडळाचाच असे मी म्हणत नाही. घरोघर तेच होते.

तरीही वाट निघाली. जेवणखाण आटोपल्यावर बसणारी स्त्रियांची स्वतंत्र भजनी मंडळे उभी राहिली. सुनेने रात्री घराबाहेर पडावयाचे तर सासूला व गावाला नाकारता येणार नाही असे कारण लागे. भजन हे तसे कारण होते. भजन संपल्यावर ज्या गोष्टी निघत, त्यांत मजुरी असे, नळाचे पाणी असे, आणि कोणाचा नवरा आठवडी बाजारातून कसा परतला हेही असे.

दारूविरुद्ध महाराजांनी जन्मभर प्रचार केला. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आधीच, गडचिरोलीत १९९३ साली आणि चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली. पैकी चंद्रपूरची २०२१ साली उठविली गेली. यवतमाळच्या स्त्रियांनी याच मागणीसाठी मोर्चे काढले, परंतु जिल्हा दारूबंद झाला नाही. हाती राहिला तो २००८ चा नियम. गावातील २५ टक्के स्त्री मतदारांनी सह्या करून अर्ज दिला म्हणजे गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. आडवीला पुरेशी मते पडली तर दुकान बंद.

‘पुरेशी’ या शब्दातच सारी मेख आहे. मतदानास आलेल्या स्त्रियांच्या निम्म्याहून अधिक मते मिळून भागत नाही. यादीतील एकूण स्त्रियांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. हिशेब करून पाहा. यादीत ६०० नावे आहेत, ४०० जणी आल्या, त्यांतील २९० जणींनी बाटली आडवी केली व ११० जणींनी उभी. एवढे होऊनही दुकान चालूच राहील, कारण ३०१ मते हवी होती. बाळंतपणास माहेरी गेलेली, नवऱ्यासोबत परजिल्ह्यात कामाला गेलेली, पहाटेच वेचणीला गेलेली, अशा प्रत्येकीचे न पडलेले मत दुकानदाराच्या पदरात पडते.

म्हणून सह्यांचा कागद हाती घेण्याआधी जाणत्या बाया पहिल्यांदा शेताकडे पाहतात. बोंडे फुटली असतील तर मालकांच्या घरी जाऊन त्या दिवसाची वेचणी दुपारनंतर ठेवण्याची बोली करावी लागते, आणि बुडालेल्या अर्ध्या रोजाचे काय, हेही त्याच वेळी ठरवावे लागते.