एक माता, दोन गर्भाशये

बांगलादेशातील जेसोर जिल्ह्यातील एका वीस वर्षीय महिलेने फेब्रुवारी २०१९ मध्ये मुलाला जन्म दिला. २६ दिवसांनी तिला जुळी झाली! पहिल्या प्रसूतीपूर्वी सोनोग्राफीच न झाल्याने तिचे दुसरे गर्भाशय कोणाच्या ध्यानी आले नव्हते. स्त्रीभ्रूणात दोन नलिका एकत्र येऊन गर्भाशय बनते. त्या जुळल्या नाहीत, तर दोन गर्भाशये राहतात. एकाहून अधिक बीजांडे सुटली, की दोन्हींत गर्भ रुजू शकतो. कळाही स्वतंत्रपणे येऊ शकतात. अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे डिसेंबर २०२३ मध्ये अशा दोन मुलींच्या जन्मांत सुमारे दहा तासांचे अंतर पडले. अशा गर्भाशयात जागा कमी. त्यामुळे अकाली प्रसूतीचा धोका अधिक. जेसोरचा पहिला मुलगाही अपुऱ्या दिवसांचाच होता. सुदैवाने तिन्ही बाळे सुखरूप राहिली.